गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

सातारा-सांगलीच्या मुलखात सातबाऱ्याचा उतारा वाचता येत नाही असा शेतकरी विरळा. जमीन कोणाच्या नावे आहे, इतर हक्कांत कोणाची नोंद चढली, पीकपाहणीच्या रकान्यात कसणाऱ्याचे नाव आहे की गाळले गेले, यावर येथे घरे उभी राहिली आणि घरे बुडालीही. कूळकायद्याच्या दिवसांत कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून जो धडा शिकविला तो साधाच होता : जो कसतो त्याचे नाव कागदावर आले पाहिजे, ते नसेल तर वर्षानुवर्षांचा घामही कचेरीत पुरावा ठरत नाही. जमिनीच्या बाबतीत अंगवळणी पडलेले हे शहाणपण गाण्याच्या बाबतीत मात्र याच मुलखाला अजून पुरतेसे सुचलेले दिसत नाही.

या दोन जिल्ह्यांत गाणारे गळे कमी नाहीत. माणदेशातील धनगरी ओव्या म्हणणारी मंडळी, जत-आटपाडीकडचे गोंधळी, कराड-वाळव्याकडील शाहिरी पथके, जलसे करणारी तरुण मंडळे, गावोगावची भजनी मंडळे यांना आता आपले पहिले गीत ध्वनिमुद्रित करून स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक अशा श्रवणसेवांवर आणावेसे वाटते आणि ते त्यांच्या आवाक्यातही आले आहे. गीत तेथे जावयाचे तर कलावंताच्या नावाचे एक पान लागते. त्याला प्रोफाईल म्हणतात. नाव, छायाचित्र, चार ओळींचा परिचय आणि खाली गीतांची यादी, एवढाच त्याचा दिसणारा भाग. म्हणूनच हे काम मंडळातल्या संगणक जाणणाऱ्या एखाद्या पोरावर सोपवून बाकीची मंडळी तालमीला लागतात.

परंतु या पानामागे न दिसणारी एक नोंदवही असते. गीत कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, गायिले कोणी, ढोलकी कोणाची, ध्वनिमुद्रणाचा मालक कोण आणि पैसा कोणाच्या खात्यावर जावयाचा, हे सारे पहिल्याच दिवशी त्या वहीत लिहिले जाते. पुढे गीत कोठेही वाजो, हिशेब त्या नोंदीवरूनच होतो. ही वही म्हणजे गाण्याचा सातबारा होय. ती कोण लिहितो आणि कोणाच्या नावे लिहितो, हा यंत्राचा प्रश्न नसून हक्काचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो कार्यकर्त्यांच्या विचाराचा विषय आहे.

यावर एक आक्षेप चळवळीतूनच घेतला जातो. शाहिराचे गाणे लोकांचे असते. त्यावर नाव कसले लावावयाचे आणि पान कसले सजवावयाचे? ही आत्मप्रौढी नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु तो मराठी परंपरेला धरून नाही. अभंगाच्या अखेरीस संताचे नाव येते. पोवाड्याच्या आणि लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले, कधी गुरूचे, कधी गावाचे नाव गुंफतो. याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नव्हता, करारपत्रे नव्हती, तेव्हा गाणे तोंडातोंडी फिरताना कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर फिरावे याची ती तजवीज होती. लोकांचे गाणे आणि कर्त्याचे नाव यांत परंपरेने कधी विरोध मानला नाही.

यंत्र आले तेव्हाही हीच गरज दुसऱ्या रूपाने पुढे आली. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका झाल्या. त्या काळच्या अनेक मुद्रिकांच्या शेवटी गायक-गायिका आपले नाव मोठ्याने पुकारताना ऐकू येतात. मुद्रिका छापून निघत त्या दूर जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कामगारांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवावयाचे हे कळावे, म्हणून ही घोषणा. आज तीच घोषणा प्रोफाईलमध्ये लिहून करावयाची असते. फरक इतकाच, की हॅनोव्हरचा कामगार कान देऊन ऐकत असे. आजचे यंत्र लिहिले असेल तेवढेच वाचते.

नाव सुटले म्हणजे काय होते, हे कृष्णाकाठाला सांगावयास नको. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव या नावाने तमाशात अजरामर झाले. त्यांच्या लावण्यांवर फड जगले. १९४५ साली निधन होण्यापूर्वीचे त्यांचे दिवस मात्र हलाखीत गेले. प्रतिसरकारच्या काळात याच भागात पोवाड्यांनी गावे जागविली. त्यांतील शाहीर निकमांसारखी मोजकी नावे स्मरणात राहिली. त्यांच्यामागे झील धरणारे, डफ-तुणतुणे वाजविणारे किती होते, हे आज कोणी सांगू शकेल काय? वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. एकाने लिहावे, दुसऱ्याने गावे, साऱ्यांनी मिळून रंगवावे, अशी ती रीत. अशा पथकाचे गीत उद्या केवळ मुख्य गायकाच्या नावे नोंदले गेले, तर ज्याने ते लिहिले तोच नोंदीतून बाहेर पडेल.

महाराष्ट्राच्या राज्यगीताचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२३ साली शासनाने राज्यगीत म्हणून स्वीकारलेले हे गीत वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. शब्द मात्र राजा बढे यांचे, आणि संगीत श्रीनिवास खळे यांचे. एका गीताचे हे तीन धनी. पैकी गळ्याचे नाव सर्वांना ठाऊक. उरलेली दोन सांगताना पुष्कळजण अडखळतात. एवढ्या थोर गीताची ही कथा, तर खानापूर तालुक्यातील एखाद्या मंडळाच्या पहिल्या गीताची काय असेल?

या श्रवणसेवांवर गीत पोहोचते कसे, तेही नीट समजून घेतले पाहिजे. स्पॉटिफायसारखी कंपनी कलावंताकडून गीत थेट घेत नाही. मध्ये वितरक असतो. तो वार्षिक वर्गणी घेतो किंवा उत्पन्नात भागीदारी घेतो, आणि गीत सर्व सेवांकडे पाठवितो. वर्गणी थकली की काही वितरक गीतच उतरवितात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. जमिनीच्या गट क्रमांकासारखाच त्याचा उपयोग. पुढे वितरक बदलला तरी तोच क्रमांक कायम ठेवावयाचा असतो, म्हणून तो मंडळाच्या दप्तरी लिहिलेला असणे जरूर आहे.

गीत वितरकाकडून पोहोचले की यंत्र कलावंताच्या नावाचे पान शोधते. येथेच पहिली गफलत होते. त्याच नावाचा दुसरा गायक आधीच असेल, तर गीत त्याच्या पानावर जाऊन बसते. ‘शाहीर’ हा शब्द रोमन लिपीत एकदा एका तऱ्हेने आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या तऱ्हेने लिहिला, तर एकाच माणसाची दोन पाने होतात. म्हणून नाव एकदाच ठरवावे, मराठीत आणि रोमन लिपीत कसे लिहावयाचे ते कागदावर उतरवावे, आणि त्यात पुन्हा काना-मात्रेचाही फरक करू नये. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावातच त्यांचे गाव आहे. गाव नावाला जोडण्याची ही जुनी चाल या नव्या वहीतही उपयोगी पडते, कारण नुसत्या आडनावाचे गायक शेकडो असतात.

पहिले गीत कंपनीकडे पोहोचल्यावर, ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच, पान ताब्यात घेण्याचा अर्ज स्पॉटिफायकडे करता येतो. तो कोणाच्या ईमेलवरून केला जातो, याला फार महत्त्व आहे. तो पत्ता स्टुडिओवाल्याचा असेल तर पानाची किल्ली स्टुडिओवाल्याकडे राहते. मंडळ फुटले, माणूस परगावी गेला, की पान कुलूपबंद. याखेरीज, कंपनीच्या संपादकांपुढे गीत विचारार्थ ठेवावयाचे असेल, तर ते प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी ठेवावे लागते. १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीस गीत प्रसिद्ध करावयाचे आणि ३० जुलैच्या रात्री ते वितरकाकडे धाडावयाचे, ही आपल्याकडील नेहमीची घाई येथे चालत नाही. जुलैच्या आरंभीच सारे हातावेगळे झालेले बरे.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण कायदा या बाबतीत कलावंताच्या बाजूस बऱ्यापैकी झुकलेला आहे. मात्र तो ठाऊक असावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिचा जोरदार पाठपुरावा केला होता. या दुरुस्तीनुसार गीतकाराने आणि संगीतकाराने आपला कॉपीराइट कंपनीला दिला, तरी रॉयल्टीतील समान वाट्याचा त्यांचा हक्क त्यांना कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. तसे लिहून घेतले असले तरी ते कलम निरर्थक ठरते. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असले पाहिजे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच. कंपन्यांचे वकील हे जाणतात, म्हणूनच त्यांच्या छापील करारांत ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधीच बसविलेले असतात. सही करणाऱ्याने प्रथम हे दोन शब्द शोधावेत.

हाच कायदा गायकाबरोबर वादकालाही सादरकर्ता मानतो, आणि सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याचा रॉयल्टीवरील हक्क मान्य करतो. हलगी वाजविणाऱ्याला सुपारीचे पैसे चुकते केले म्हणजे त्याचा संबंध संपला, ही समजूत कायद्याची नव्हे. ती सरंजामी आहे. आणि दुर्दैवाने पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळांतही ती आढळते. ज्या मंडळाच्या गीतात जातिअंताची हाक असते, त्याच मंडळाच्या नोंदीत हलगीवाल्याचे नाव नसावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

येथे आणखी एका नोंदीबद्दल सावध राहिले पाहिजे. कंपनीकडून वितरकामार्फत जो पैसा येतो तो ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा पैसा वेगळा असतो, आणि तो गोळा करणारी संस्था म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद झाले नाहीत, गीत तेथे नोंदले नाही, तर त्यांच्या वाट्याचा हिशेब त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच राहत नाही. पहिले गीत प्रसिद्ध करण्यापूर्वी करावयाच्या कामांत हे काम सर्वांत अधिक विसरले जाते.

हक्क सांगण्याइतकाच हक्क मानण्याचाही प्रश्न आहे. अण्णा भाऊंचे निधन १९६९ साली झाले. कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट चालतो, या नियमाने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत टिकतात. त्यांचा पोवाडा पहिले गीत म्हणून ध्वनिमुद्रित करावयाचा, तर हक्कधारकांची परवानगी घेतली पाहिजे. भक्ती हा परवाना नव्हे. पठ्ठे बापूरावांच्या रचना आता सर्वांना मोकळ्या आहेत, तरीही गीतकार म्हणून नाव त्यांचेच लागले पाहिजे. आणि धनगरी ओवी, जात्यावरची ओवी, गोंधळातले पद हे ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळले, ते स्वतःच्या नावे चढविणे म्हणजे गायरान बळकावण्याचाच प्रकार होय. अशा गीताच्या कर्त्याच्या जागी ‘पारंपरिक’ असे लिहावे, आणि ज्या व्यक्तीकडून ते मिळाले तिचे नाव, गाव तिच्या संमतीने परिचयात द्यावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि ओवी गाणाऱ्या बाईचे नाव व गाव तिच्या ओवीसोबत नोंदले गेले. परंपरेचा मान राखूनही गाणारीचे नाव टिकविता येते, हे त्या कामाने दाखवून दिले.

इतके सारे केले म्हणजे न्याय मिळेल काय? तशी भ्रामक आशा कोणी बाळगू नये. स्पॉटिफायची पद्धत अशी, की श्रोत्यांकडून व जाहिरातींतून आलेला पैसा एका ढिगात जमा होतो आणि एकूण श्रवणांत ज्याचा जितका वाटा त्या प्रमाणात तो हक्कधारकांत वाटला जातो. आटपाडीच्या एखाद्या श्रोत्याने महिनाभर केवळ गजीनृत्याची गाणी ऐकली, तरी त्याची वर्गणी त्या गायकांकडेच जात नाही. ती ढिगात पडते, आणि ढिगातला मोठा हिस्सा बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे जातो. प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्यावेत, अशी पद्धत अशक्य नाही. साउंडक्लाउडने २०२१ पासून ती लहान कलावंतांसाठी अवलंबिली. स्पॉटिफायने मात्र २०२४ पासून उलट दिशेने पाऊल टाकले : मागील १२ महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकले गेलेले गीत ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीस पात्रच धरले जात नाही. म्हणजे ९९९ वेळा वाजलेल्या गाण्याचे काम फुकट. कमी वजनाची मोळी कारखान्याने तशीच गाळपास घ्यावी आणि तिचे बिल इतरांत वाटावे, असे कोणी म्हटले तर ऊसकरी शेतकरी ते ऐकून घेईल काय? गीतांच्या बाबतीत ते निमूटपणे घडले, कारण तेथे ऊसकऱ्यांसारखी संघटना नाही.

शिवाय या सेवांचा भरवसा किती धरावा? रेसोने ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतातील काम थांबविले. त्याच वर्षी एअरटेलने आपली विंक ही सेवा गुंडाळली. तेथली पाने, तेथल्या श्रोत्यांच्या याद्या सेवेबरोबर गेल्या. तेव्हा श्रवणसेवा हे गाण्याचे घर नव्हे. ते बाजारातले भाड्याचे दुकान आहे. मूळ ध्वनिमुद्रण, करारपत्रे, नोंदींच्या प्रती आणि क्रमांक मंडळाने स्वतःजवळ दोन ठिकाणी जतन केले पाहिजेत.

मग या भानगडीत पडावयाचेच कशाला, असे म्हणणे हा मात्र पळपुटेपणा ठरेल. बाजार अन्यायी आहे म्हणून शेतकरी सातबाऱ्यावरचे नाव काढून घेत नाही. नाव असेल तरच उद्या अन्यायाविरुद्ध उभे राहता येते. प्रश्न एवढाच, की प्रत्येक कलावंताने हे एकट्याने करावयाचे की संघटितपणे?

उत्तर याच मुलखात आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि जेथे ते चिरविश्रांती घेत आहेत, त्या गावातील वाद्य घडविणाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या गावाचे नाव आपल्या वाद्यावर कायद्याने कोरून घेतले. घडविणाऱ्यांना जे जमले ते वाजविणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना का जमू नये? साखर, सूत, दूध यांच्यासाठी सहकारी संस्था काढणाऱ्या सातारा-सांगलीला कलावंतांची एखादी सहकारी संस्था जड नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अस्तित्वात आहेच. तालुक्यातील दहा-वीस मंडळांनी मिळून अशी संस्था काढली, तर वितरकाशी एकच करार होईल, वर्गणी वाटली जाईल, करार वाचणारा एक वकील परवडेल, आणि नोंदी एका माणसाच्या मोबाईलमध्ये न राहता संस्थेच्या दप्तरात राहतील. अशा संस्था जिल्ह्या-जिल्ह्यांत झाल्या, तरच १००० च्या अटीविरुद्ध आणि ढिगाच्या वाटणीविरुद्ध कोणी बोलेल तर त्याचा आवाज कंपनीच्या कानी जाईल.

ही संस्था निघेल तेव्हा निघेल. तोवर तिची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपापल्या गावच्या मंडळाशी कार्यकर्त्यांचा संबंध असतोच. पहिले गीत बाहेर पडण्यापूर्वी एक संध्याकाळ साऱ्या मंडळींना एकत्र बसवावे. गीत कोणाचे, चाल कोणाची, कोण गायिले, कोणी काय वाजविले, पैसा आल्यास वाटणी कशी, मंडळ फुटल्यास पान कोणाकडे, हे एका कागदावर लिहावे, मोठ्याने वाचून दाखवावे आणि सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यावा. ईमेल मंडळाच्या नावाचा काढावा आणि त्याची किल्ली दोघांजवळ द्यावी. मगच छायाचित्र निवडावे, परिचय लिहावा. आणि त्या छायाचित्रात हलगीवाला कडेला कापला गेलेला नाही ना, तेही पाहावे.

एका संध्याकाळचे हे काम आहे. कूळकायद्याच्या वेळी ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी तलाठ्याच्या चावडीसमोर कुळांच्या रांगा लावल्या, त्यांना ते अवघड वाटू नये.